दगडाला टाकी

काल दळण घेऊन गेले, तेव्हा गिरणीचा पट्टा थांबला होता आणि गिरणीवाले नाना जमिनीवर बसून दगडाला टाकी लावत होते. छिन्नीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर पांढरी धूळ उडे आणि त्यांच्या भुवयांवर बसे. मागच्या भिंतीवर आमची इमारत पाडण्याची नोटीस होती. महिनाअखेर जागा रिकामी करायची आहे. नव्या इमारतीत दुकाने असतील, पण गिरणी नसेल. तिची घरघर वरच्या मजल्यांना सोसणार नाही, असे रहिवाशांच्या सभेत ठरले. त्या ठरावावर माझीही सही आहे. आईचे गुडघे तीन जिन्यांनी झिजले आहेत आणि नव्या घराला लिफ्ट असेल.

"आता कशाला टाकी लावता, नाना?"

"नोटीस मला आलीय, ताई. दगडाला कुठे आलीय?" ते हसले. "आणि बोथट दगडाची भाकरी तुमच्या आईंना चालेल का?"

पट्टा फिरू लागला. दगडाची कचकच आमच्या पिठात उतरू नये म्हणून पहिल्या दोन मुठी त्यांनी स्वतःच्या ज्वारीच्या टाकल्या. मग माझा डबा घेतला.

शहराने नवे व्हावे, हे मला मान्य आहे. तरी त्या दोन मुठी कालपासून मनात दळल्या जात आहेत, आणि पीठ काही हाती येत नाही.

डबा कडेवर घेऊन मी जिने चढले. आईने झाकण उघडले, कोमट पीठ चिमटीत चोळले आणि सहज विचारले, "नव्या घरी गेल्यावर दळण कुठे गं टाकायचं?"