तीन नंबरचं शून्य

युदोनला कोणी विचारलं की बाई, तू काम काय करतेस, तर ती सांगायची, "टेकाडं सांभाळते." ऐकणारा हसायचा. साडेचार हजार मीटर उंचीवरच्या आमच्या दाब्पाच्या माळावर दगड आणि टेकाडं सोडून दुसरं आहे काय? पण युदोनची टेकाडं देवाने केलेली नव्हती. त्यांतली निम्मी तिने स्वतःच्या हातांनी गवताने झाकली होती.

चौदा वर्षांपूर्वी वेधशाळेची माणसं आली आणि त्यांनी माळावर घराएवढ्या पाण्याच्या टाक्या मांडून वर दोन पुरुष माती लोटली. माती वाऱ्याने उडायला लागली, म्हणून मजुरांनी गवताची ढेपळं आणून थापली. याक चारायला आलेली युदोन अर्धा दिवस ते बघत बसली आणि शेवटी तिच्याने राहवेना. "अहो, ही काय फरशी आहे का? मुळं खाली, तोंड वर! आणि दोन ढेपळांत बोटभर फट सोडा, नाहीतर गारठ्याने उचकटतील सगळी." देखरेखीला चेंगदूहून आलेले तांग मास्तर आधी चिडले. दुसऱ्या वर्षी बोटभर फटीची ढेपळंच तेवढी जगली, तेव्हा त्यांनी माणूस पाठवून तिला बोलावून घेतलं. ढेपळं लावता लावता ती झाकण उघडायला शिकली, मग तारा तपासायला, मग आतला काचेचा मोठा डोळा बदलायला. शाळेचं तोंड चार वर्षं पाहिलेली ही बाई आता बारा टेकाडांची मालकीण झाली होती. माळावर सगळे तिला 'आचे' म्हणत, म्हणजे थोरली बहीण. तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा.

त्या टाक्या करतात काय, हे ती गावात मोठ्या झोकात सांगायची. आकाशातून एक कण येतो, उंच हवेत आपटून फुटतो आणि त्याचा चुरा माळावर सांडतो. माळभर मांडलेल्या पेट्या तो चुरा मोजतात. पण चुरा कोणाचा? साध्या कणाचा असेल तर त्यात म्युऑन नावाचे चिवट तुकडे असतात. ते माती भेदून थेट टाकीच्या पाण्यात उतरतात. गॅमा किरणाचा असेल तर असले तुकडे जवळपास नसतातच. टाकीला दिसलं तर साधा कण, टाकीचं शून्य आलं तर गॅमा. "म्हणजे माझ्या टाक्यांचं काम काय, तर जागं राहायचं आणि काही बघायचं नाही," युदोन म्हणायची. "आमच्या सासूबाईंच्या अगदी उलट."

त्या साली लोसार, म्हणजे आमचं नवं वर्ष, होऊन आठच दिवस झाले होते. जेवणघराच्या टेबलावर सणाचे उरलेले तळलेले खाप्से कडक होऊन पडले होते आणि मंडळी ते लोणी घातलेल्या चहात बुडवून खात होती. तेवढ्यात शू वेन दार ढकलून आत आली. कोट नाही, टोपी नाही, छाती भात्यासारखी चाललेली. ही पोरगी डॉक्टर होती, ताऱ्यांची.

"आला! हंसातून आला!"

"आधी बस," युदोनने तिला खाली दाबलं. "या उंचीवर याकसुद्धा पळत नाही."

"आचे, बसवत नाहीये मला!" शूने तिखट तेलाच्या वाटीत बोट बुडवलं आणि टेबलावरच आकाशातला ताऱ्यांचा हंस काढला: मान, पंख, आणि छातीपाशी एक मोठा ठिपका. "इथे ढग आहे. तारे जन्मतात तिथे, ढिगाने. आणि कसले दांडगे तारे! जन्मल्या जन्मल्या असा वारा सोडतात की आजूबाजूचे कण गोफणीतून सुटल्यासारखे उडतात. पण कण वाटेत भरकटतात गं, कुठून आले ते कळत नाही. किरण भरकटत नाही, सरळ येतो. सोमवारी सकाळी दहा बेचाळीसला एक आला. आपल्या डोळ्यांना दिसतो त्या उजेडाच्या लाख कोटी पटींहूनही कितीतरी जोरदार! पाच हजार वर्षं सरळ चालत आला आणि पडला कुठे माहितीये?"

"कुठे?"

"तुझ्या तीन नंबरपासून दहा पावलांवर! आणि तीन नंबरचं शून्य!"

युदोन उठून उभीच राहिली. तीन नंबरचं ढेपूळ न् ढेपूळ तिने लावलं होतं. लेकीच्या लग्नातही तिला इतका आनंद झाला नव्हता, आणि हे तिने तिथल्या तिथे सगळ्यांसमोर बोलूनही दाखवलं. टाळ्या पडल्या. कोणीतरी तिच्या डोक्यावर खाप्से ठेवला.

मग तांग मास्तर आले. त्यांच्या हातात तपासणीची वही होती आणि चेहरा उतरला होता.

"सोमवार," त्यांनी वाचलं. "तीन नंबर. साडेदहा ते अकरा, झाकण उघडून तपासणी, टाकी बंद. सही, युदोन."

झाकण उघडायचं तर आधी टाकीचं बटण बंद करायचं, हा नियम. बंद टाकीचं शून्य म्हणजे झोपलेल्या राखणदाराची साक्ष. कोण धरणार ती? एरवी प्रत्येक टाकी कधी जागी होती आणि कधी नाही याची नोंद एक यंत्र आपोआप ठेवतं. पण रविवारी रात्री बिनशेपटीच्या उंदरांनी त्या यंत्राची तार कुरतडली होती. डोंगर पोखरून उंदीर निघतो असं म्हणतात. इथे उंदराने आख्खं आकाश पोखरलं होतं. सोमवारपुरती ही वहीच काय ती साक्षीदार.

"शेजारच्या टाक्या लांब आहेत," शू हळूच म्हणाली. "तीन नंबर वगळलं तर हा किरण रद्द." तिने बाहीने टेबलावरचा हंस पुसायला घेतला, आणि मध्येच हात थांबवला.

युदोनने डोक्यावरचा खाप्से काढून टेबलावर ठेवला. सोमवारी साडेदहाला ती तीन नंबरपाशी नव्हतीच.

झालं होतं ते असं. तिच्या वाट्याच्या माळाच्या मधोमध मणीचा ढीग आहे, मंत्र कोरलेल्या दगडांचा, आजे-पणजे रचत आले तो. वेधशाळेनेही त्याला हात लावला नाही, एक टाकी बाजूला सरकवली. पण तांग मास्तरांच्या छापील कागदावर टेकाडांचा क्रम होता एक ते बारा. फाटकातून त्या क्रमाने निघालं की मणीचा ढीग डाव्या हाताला येतो. आमच्यात ढीग डावीकडे ठेवून कोणी जात नाही. दारुडासुद्धा जात नाही. त्याला उजवीकडे ठेवूनच फिरायचं. म्हणून युदोन अकरा वर्षं बारा नंबरपासून निघून एकवर संपवत होती. तीन नंबरची पाळी यायची दुपारी, तीन वाजून गेल्यावर. आणि वही? कागदावर प्रत्येक नंबरापुढे वेळ छापूनच यायची, तिने फक्त सही ठोकायची. काम चोख होतं, मग वेळेवरून कोण कशाला डोकं खाजवतंय?

संध्याकाळी तिने हे नवऱ्याला सांगितलं. आद्रुक भाजलेल्या सातूच्या पिठाचा त्साम्पा मळत होता.

"गप बस," तो म्हणाला. "एक किरण गेला तर गेला. आकाशाला काय तोटा आहे? अकरा वर्षं खोट्या वेळांवर सही केली म्हटलंस तर फाटकाबाहेर काढतील. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"पाच हजार वर्षं आलाय तो चालत."

"मग? तू बोलावला होतास?"

"नव्हता बोलावला. पण माझ्या दारात आलाय," युदोन म्हणाली. "दारात आलेल्याला घरात कोणी नाही असं सांगू?"

आद्रुकने त्साम्पाचा गोळा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिला. "उद्या मोटारसायकलने सोडतो," तो शेवटी म्हणाला. "चालत गेलीस तर वाटेत विचार बदलशील."

सकाळी ती थेट तांग मास्तरांच्या खोलीत शिरली. शू तिथेच होती. युदोनने एका दमात सगळं सांगून टाकलं.

"अकरा वर्षं?" मास्तरांचा आवाज चढला. "रोज?"

"रोज."

"अकरा वर्षं खोट्या वेळा!"

"वेळा तुमच्याच होत्या, मास्तर. छापून यायच्या. सही माझी, ती चूक माझी. काढायचं तर काढा मला. पण तीन नंबर सोमवारी सकाळी जागं होतं. त्याला झोपलेलं म्हणू नका."

मास्तर लालबुंद झाले. "आणि इतक्या वर्षांच्या नोंदी? त्यांचं काय करू?"

"त्यांना काही होत नाही," शू घाईने म्हणाली. "बाकीचे सगळे दिवस यंत्राची नोंद आहे. आपण त्या दोन्हींचा ताळा कधी घेतलाच नाही." मास्तरांनी घसा साफ केला आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले. शू युदोनकडे वळली. "आचे, माझा विश्वास आहे. पण जगाला कळवायचं तर नुसत्या शब्दावर चालत नाही. कोणी पाहिलं का तुला? काही साक्ष?"

युदोनने डोकं खाजवलं. आणि एकदम तिचे डोळे चमकले.

"साक्षीला याक चालेल?"

"काय?"

"डावं शिंग मोडलेला. कोणाचा कोण जाणे, थंडीत खालचा कळप सोडून वर आला होता. दहा नंबरपाशी मी झाकण उघडतेय, तर हा पठ्ठ्या शेजारच्या जमिनीवरच्या पेटीला पाठ घासतोय. आडवी केली की! मी दगड मारून हाकलला, पेटी उभी केली, बटण दाबलं. चालू होईना. परत दाबलं, मग झाली."

शू आधीच यंत्राकडे धावली होती. या उंचीवर पळू नये हे तिला कधी कळणार देव जाणे. पेट्यांची नोंद वेगळ्या यंत्रात असते, त्याच्या तारेला उंदीर लागला नव्हता. तिची बोटं भराभर चालली आणि मग थांबली.

"दहा नंबरजवळची पेटी. दहा छत्तीसला आडवी. दहा चव्वेचाळीसला सरळ, आणि चालू करायचे इशारे..." तिने श्वास घेतला. "दोन. मास्तर, दोन! आपल्या पोरांनी पुढे लिहिलंय, 'पेटी आपोआप सरळ झाली.'"

"आपोआप!" युदोन फणकारली. "माझी कंबर अजून धरलीये."

मास्तर वाकले, आकडे बघितले, पुन्हा बघितले. दहा नंबरपासून तीन नंबर सव्वा किलोमीटर. "धावत गेली असेल तर?" त्यांनी विचारलं खरं, पण त्यांचं त्यांनाच हसू आलं. या माळावर सव्वा किलोमीटर धावणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

"तीन नंबरचं शून्य," ते सावकाश म्हणाले, "खरं आहे."

शूने युदोनला अशी मिठी मारली की दोघी खुर्चीसकट कलंडल्या. बाहेरून पोरं धावत आली, आणि कोणी कोणाला काय सांगतंय ते कोणालाच कळेना. युदोन रडत होती, हसत होती आणि मध्येच याकला शिव्या देत होती.

गलका निवल्यावर मास्तरांनी दोन कागद पुढे केले. एक लेखी ताकीद होती. दुसरा नेहमीचा तपासणीचा कागद, पण वेळेच्या रकान्यात त्यांनी स्वतः पट्टी धरून काट मारलेली. "वेळ आता तू घालायची," ते म्हणाले. "कोणत्या बाजूने फिरतेस ते तू आणि तुझे दगड बघा. पण खरी घालायची." युदोनने ताकिदीवर सही केली, घड्याळात बघितलं, आणि सहीखाली न सांगताच वेळ घातली: नऊ वाजून सत्तावन्न.

त्या दिवशी शू तिच्याबरोबर फेरीला निघाली. फाटकातून बाहेर पडताच ती तरातरा सरळ तीन नंबरच्या दिशेने सुटली. वीस पावलांवर डाव्या हाताला मणीचा ढीग दिसला तशी थबकली, मागे आली आणि युदोनच्या मागून बारा नंबरकडे चालू लागली.

तीन नंबरला पोचायला तीन वाजून वीस झाले. युदोनने बटण बंद केलं, झाकण उघडलं, तारा पाहिल्या, झाकण लावलं, बटण चालू केलं. वहीत वेळ घातली. मग हातमोजा काढून तिने गोठलेल्या गवतावर तळवा टेकला.

"हंस आत्ता कुठेय?"

शूने वायव्येकडे बोट दाखवलं. तिथे लख्ख निळं आकाश होतं. दोघी मान वर करून बघत राहिल्या.

"काहीच दिसत नाही गं," शू म्हणाली.

"तीन नंबरलाही दिसलं नव्हतं," युदोन म्हणाली. "पण ते जागं होतं."