बुढीला पुलापार नेताना

दादाने दुकानासाठी कॉम्प्युटर घेतला तेव्हा तो फक्त हिशेबासाठी आहे, असं घरात पुन्हा पुन्हा सांगितलं. एखादी वस्तू कशासाठी आहे हे इतकं सांगावं लागतं, तेव्हा ती दुसऱ्याच कामाला लागणार हे जवळपास ठरलेलं असतं. देवळीत आमचं बी-बियाण्यांचं दुकान होतं आणि मागे घर. मधल्या खोलीत कॉम्प्युटर बसला. नारळ फुटला, पडद्यावर कुंकवाचं बोट लागलं, आणि पहिले काही दिवस दादा त्याच्यासमोर चप्पल काढून बसायचा. पुढे खरीप आला, गर्दी वाढली, हिशेब परत लाल वहीत गेले आणि कॉम्प्युटर वहिनीकडे आला.

नागपूरच्या विक्रेत्याने सोबत काही खेळांच्या सीड्या फुकट दिल्या होत्या. त्यातल्या एकीवर वाटसरूचा एक खेळ होता. तेव्हाच तो जुना झालेला होता. त्यात आपण एक वाटसरू असतो. राज्य संकटात असतं, राजा वाट पाहत असतो, आणि त्याला वाचवायला आपल्याला बोलावणं आलेलं असतं. पण गेलंच पाहिजे असं नाही. डोंगर, नद्या, गावं, बाजार, सगळं मोकळं पसरलेलं. पाय नेतील तिकडे जावं. वहिनी अल्लीपूरची, माहेरी जायचं तरी तिच्यासोबत कोणीतरी द्यायची आमच्याकडे रीत होती. ती या रानात दुपारभर एकटी हिंडायची. मी वर्ध्याच्या एका कॉलेजात सकाळच्या पाळीत मराठी शिकवायचो आणि दुपारी एसटीने परत यायचो. इंग्रजी संवादातले अवघड शब्द तिला सांगणं हे माझं काम, आणि वीज कधी जाणार हे लक्षात ठेवणंही माझंच.

एका नदीच्या अलीकडे तिला एक म्हातारी भेटली. माझं गाव पलीकडे आहे, वाट धड नाही, मला घरापर्यंत पोचवून दे, एवढंच ती म्हणाली. वहिनीने हो म्हटलं. म्हातारी मागून हळूहळू चालू लागली. वहिनीने वाटेत दोन लांडगे मारले, एका दरोडेखोराला पळवलं आणि तिला पुलापर्यंत आणलं. पुलाच्या पहिल्या फळीपाशी म्हातारी थांबली. म्हणजे पाय हलत होते, पण ती जागची पुढे सरकत नव्हती. वहिनी मागे गेली, पुढे गेली, तिच्याशी बोलली. म्हातारी म्हणायची, ‘चल, मी आहे मागे.’ आणि तिथेच चालत राहायची.

‘बुढी धकत नाई भाऊजी,’ वहिनी म्हणाली. ‘काऊन असं करून राह्यली?’

मला कारण माहीत नव्हतं, पण मराठी शिकवणाऱ्याला कारण माहीत नसणं अडचणीचं वाटत नाही. मी म्हटलं की हे मुद्दाम असेल. तिला घरी जायचं आहे आणि जायचं नाहीसुद्धा. न घडणाऱ्या गोष्टीत खोल अर्थ शोधण्याची आमच्या धंद्याला सवय आहे; ज्या कादंबऱ्यांत काहीच घडत नाही त्यांवर आम्ही सगळ्यात जास्त बोलतो. वहिनीने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मंग तिनं मले चल काऊन म्हटलं?’

मी घड्याळात वीज जायची वेळ पाहिली.

कोणीही दुसरा त्या म्हातारीला सोडून पुढे गेला असता. वहिनी गेली नाही. आमच्या भागात पाहुण्याला फाटकापाशी निरोप देत नाहीत. बस येईपर्यंत उभं राहतात, बस हलेपर्यंत उभं राहतात, आणि कोणाला सोबत केली तर त्याच्या घराचं दार उघडेपर्यंत मागे फिरत नाहीत. अर्ध्यात सोडून आलेल्या माणसाची गोष्ट गावात वर्षानुवर्षं सांगितली जाते. वहिनी आसपासची लहानसहान कामं करायची, जडीबुटी गोळा करून विकायची, आणि दर दुपारी पुलापाशी येऊन म्हातारी चालते का ते पाहायची. येताना भाकरी आणायची. खेळात ती म्हातारी खात नसे, पण भाकरी जमिनीवर ठेवता यायची. हळूहळू ढीग झाला.

‘तिकडं राजा मरायला टेकलाय,’ मी एकदा म्हटलं.

‘राजाजवळ फौज आहे भाऊजी. हिच्याजवळ कोन आहे?’

असं बरंच चाललं. मध्ये वहिनीला मुलगी झाली, काही महिने माहेरी गेली, परत आली. म्हातारी पुलापाशीच होती. मग कॉम्प्युटरच म्हातारा झाला. मध्येच बंद पडायचा, पंख्याचा आवाज चक्कीसारखा यायचा. दादाने नवा आणला. विक्रेता म्हणाला, पुढच्या खेपेला येईन तेव्हा जुना घेऊन जाईन, तेवढे पैसे कमी केले आहेत. वहिनीने जुनी सीडी नव्यात घातली. नव्याने ती ओळखलीच नाही.

म्हणजे जुनं यंत्र जाईपर्यंत म्हातारी पलीकडे पोचली तर पोचली. त्या दिवशी वहिनीच्या भाजीत मीठ नव्हतं आणि दादाने ती तशीच खाल्ली.

त्याच सुमारास मला नागपूरला दुकानात तो खेळ नव्याने दिसला. सुवर्ण आवृत्ती. वह्यांच्या गठ्ठ्याएवढा जाड खोका, सोनेरी अक्षरं, आत कापडासारख्या कागदावरचा नकाशा, आणि निर्मात्यांचं मनोगत. मनोगतात ‘पूर्ण वैभवात’ हे शब्द होते. नव्या कॉम्प्युटरवर चालेल असं मागे लिहिलं होतं. मी घेतला. खोका देवळीत आला तेव्हा दादाने तो हातात तोलून पाहिला आणि आतल्या एवढ्याशा सीडीकडे बघून म्हणाला, ‘पॅकिंग चांगली आहे.’

नव्या आवृत्तीत पाणी चमकत होतं. आभाळात ढग सरकत होते. पण जुना प्रवास तिला उघडता येत नव्हता. पहिल्यापासून सुरू करायचं. वहिनीने तेही केलं. आठवडाभर दुपारी बसून नवीन वाटसरू घेऊन ती नदीपर्यंत गेली, म्हातारीला घेतलं, पुलापाशी आली. म्हातारी पहिल्या फळीपाशी थांबली. तिच्या लुगड्याच्या चुण्या आता मोजता येतील इतक्या स्पष्ट होत्या.

मला मराठी पुस्तकांच्या दुसऱ्या आवृत्त्या आठवल्या. मुखपृष्ठ नवं, प्रस्तावना नवी, प्रस्तावनेत पहिल्या आवृत्तीच्या स्वागताचा उल्लेख, आणि आत जुन्या छपाईच्या चुका एकही न हरवता.

‘हे दुसरीच बुढी आहे,’ वहिनी म्हणाली. ‘आपली तिकडं आहे.’ तिने जुन्या कॉम्प्युटरकडे बोट केलं.

दोन्ही बुढ्या एकाच कारखान्यातल्या, हे मला समजावून सांगता आलं नाही, कारण बोलताना माझाच त्यावरचा विश्वास उडाला.

वर्ध्यात इंटरनेटचं एक दुकान होतं. कॉलेज सुटल्यावर मी तिथे बसू लागलो. कळलं ते असं की जगात बऱ्याच ठिकाणी बऱ्याच लोकांची म्हातारी त्या पुलापाशी अडकलेली होती. ते अर्थबिर्थ काही नव्हतं. तिच्यासाठी पुलावरून वाट आखायचीच राहून गेली होती. माझं इतक्या वर्षांचं विवेचन एका विसरलेल्या रेघेवर उभं होतं. कंपनीने ही चूक कधी दुरुस्त केली नाही. केली होती एका वाचकाने, म्हणजे खेळणाऱ्याने. तो कोणत्या देशाचा, काय करतो, माहीत नाही. बरीच वर्षं तो फावल्या वेळात या खेळातल्या चुका शोधून त्यांना ठिगळं लावत होता, आणि ती ठिगळं कोणालाही फुकट देत होता. ठिगळांबरोबर त्याने केलेल्या कामांची यादी होती, बरीच लांब. मध्येच कुठेतरी एक ओळ: पुलावरची म्हातारी चालत नव्हती, आता चालते. मनोगत नव्हतं.

गोंधळ इथे संपायला हवा होता. पण इंटरनेटवर त्याच पानावर दुसरा एक गृहस्थ त्याच्याशी भांडत होता. त्याचं म्हणणं, म्हातारीला चालवणं हीच चूक आहे. खेळाच्या पोटात न वापरलेली वाक्यं पडून असतात, त्यात त्याला म्हातारीचं एक वाक्य सापडलं होतं: ‘इथवर आणलंस, पुरे झालं, आता तू जा.’ म्हणजे तिने पुलावरून आपल्याला परत पाठवावं, असं निर्मात्यांच्या मनात होतं. त्याने ते वाक्य तिच्या तोंडी घालणारं वेगळं ठिगळ तयार केलं होतं. दोन्हींतलं एकच लावता येत होतं.

मी दोन्ही फ्लॉप्यांवर उतरवून घेतली. एवढ्या वर्षांचं काम एका फ्लॉपीत मावत होतं आणि खोक्याला दोन हात लागत होते.

‘दुसरं खरं दिसतं,’ मी वहिनीला म्हटलं. ‘मूळ लेखकाचा हेतू तोच आहे.’

‘लेखकानं ते टाकून देलं न मंग?’

‘टाकून दिलं की राहून गेलं, ते माहीत नाही.’

‘तिनं मले घरापर्यंत म्हटलं होतं. पुलापर्यंत नाई.’

दादा दारात उभा राहून ऐकत होता. त्याची अडचण वेगळी होती. ‘मले एक सांग. माल कंपनीचा. खराब निघाला. दुरुस्ती करून राह्यला हा तिसराच माणूस. याले काय भेटते?’

‘काही नाही.’

‘एजन्सी आहे का त्याची?’

‘नाही.’

‘मंग कंपनीनं नवीन खोक्यात त्याचीच दुरुस्ती काऊन नाई घातली?’

हेही मला माहीत नव्हतं.  बियाणं उगवलं नाही तर लोक दुकानात येऊन बसतात, हे दादाला माहीत होतं. दुसऱ्याच्या शेतात बी उगवलं नाही म्हणून कोणी परका येऊन पुन्हा पेरून जातो, हे त्याला कळेना. शेवटी तो म्हणाला, ‘त्याची बायको काही म्हणत नाई?’

आम्ही जुन्या कॉम्प्युटरवर पहिलं ठिगळ लावलं. वहिनीने आधी जुन्या प्रवासाची नक्कल करून ठेवायला लावली. ठिगळ चुकलं तर बुढीसकट प्रवासच जायचा, अशी तिला भीती होती. मग ती पुलापाशी उभी राहिली आणि पहिल्या फळीवर पाय ठेवला. म्हातारी मागून आली. मधोमध आली. पलीकडे उतरली. वहिनीने मागे वळून पाहिलं आणि चालण्याचा वेग कमी केला.

गाव लहानच होतं. टोकाला एक घर. म्हातारी दारापाशी जाऊन थांबली. वहिनीने दार ढकलून पाहिलं. बंद. थोडा वेळ थांबली. पुन्हा पाहिलं.

‘पोचली,’ मी म्हटलं.

‘बाहेर उभी आहे भाऊजी.’

आता नवाच पेच झाला. दुसऱ्या दिवशी मी वर्ध्याहून म्हातारीला चालवणाऱ्या त्या माणसाला इंटरनेटवरून पत्र पाठवलं. माझं इंग्रजी पुस्तकी, त्यामुळे पत्र एखाद्या संस्थानिकाने लिहिल्यासारखं झालं. आशय इतकाच: बाई घरापर्यंत पोचली, आभार, पण दार उघडत नाही, आणि आमच्या घरच्या खेळाडूला तिला बाहेर टाकून येता येत नाही. दोन-तीन दिवसांनी उत्तर आलं. त्याने लिहिलं होतं की घराला आतून काहीच नाही, नुसती भिंत आहे. पुढे काय होतं हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. खोली बनवता येईल. पण आत कोण असायला हवं?

मी हा प्रश्न घेऊन देवळीला आलो. तो निर्मात्यांना विचारायला हवा होता की वहिनीला, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

‘सून ठेवा,’ दादा म्हणाला.

‘मंग बुढी आत जाणार नाई,’ वहिनी म्हणाली.

विक्रेत्याचा फोन आला, की उद्या देवळीला येतोय, जुनं यंत्र काढून ठेवा. दादाने फोनवर सांगितलं, ‘थांबा जरा. त्याच्यावर एक काम बाकी आहे.’ कोणतं, ते त्याने सांगितलं नाही. विक्रेत्याला बहुतेक हिशेब वाटले असावेत.

वहिनीने विचार करायला वेळ घेतला. मुलीला वेणी घालताना, तांदूळ निवडताना ती मध्येच काहीतरी सांगायची आणि मागे घ्यायची. एकदा म्हणाली लेक ठेवा, मग म्हणाली लेक असती तर तीच नसती का आली न्यायला. शेवटी म्हणाली, ‘कोनी नको. चूल पेटलेली पाहिजे, अन् खिडकीत दिवा. तेवढं सांगजा.’

मी तेवढं लिहिलं. चूल म्हणजे काय हे सांगायला एक परिच्छेद लागला.

पुढच्या आठवड्यात नवं ठिगळ आलं. यादीत शेवटी एक ओळ वाढली होती: म्हातारीच्या घराचं दार. दुपारी आम्ही तिघे मधल्या खोलीत बसलो. दादाने दुकान नोकरावर सोडलं होतं. वहिनी त्या गावात शिरली तेव्हा घराच्या खिडकीत दिवा होता. खिडकीतून दिसणारी चूल मात्र भिंतीतली होती, गोऱ्या साहेबांच्या घरात असते तशी.  वहिनीने दार ढकललं, बाजूला झाली. म्हातारी आत गेली. दार तिच्यामागे आपोआप लागलं.

कुठेही काही वाजलं नाही, बक्षीस मिळालं नाही. खेळाच्या हिशेबात ते काम अजून अपुरंच दिसत होतं, कारण ते पुरं कसं होतं हे कोणी लिहिलंच नव्हतं. मी ते दाखवलं. वहिनी पडद्यावरच्या खिडकीकडे पाहत होती.

‘थांब ना जरा,’ दादा मला म्हणाला. ‘तिले बसू तं दे आतमध्ये.’