चंद्रावरची म्हैस

सिनेमावाली चार माणसं चहाला बसली की असल्या गोष्टींचा नुसता ढीग पडतो. बाकीचे हसत हसत सांगतात. मी मान खाली घालून सांगतो, कारण बहुतेक चुका माझ्याच!

पन्नास-एकावन्न साल असेल. कोल्हापुरातल्या एका स्टुडिओत चंद्रावर जाणाऱ्या माणसांचा सिनेमा चालला होता. माझं काम कंटिन्युइटीचं. म्हणजे एका शॉटला जे जसं दिसलं, ते पुढच्या शॉटला तसंच आहे ना, एवढंच बघायचं. तेवढंही जमलं नाही.

*

चंद्रावरचं आकाश पडद्यावर रंगवलं दत्तोबा पेंटरनं. त्या पडद्यासमोर तीन दिवस शूटिंग झालं. चौथ्या दिवशी आमचे डायरेक्टर अण्णा मला म्हणाले, "आपण कुठं हाय?"

"चंद्रावर, अण्णा."

"मग वर त्ये काय हाय?"

वर पौर्णिमेचा चंद्र!

दत्तोबा म्हणाला, "आकाश काढ म्हणालासा, काढलं की! बिनचंद्राचं पायजे म्हणून सांगायचं न्हाय व्हय?"

तीन दिवसांचं काम वाया. अण्णांनी स्वतःच ब्रश घेतला आणि चंद्रावर काळा रंग फासायला लागले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

*

चंद्राच्या राणीचा बाजूबंद एका शॉटला डाव्या दंडावर, पुढच्या शॉटला उजव्या. डावा दंड उघडा पडला आणि त्यावर देवीच्या लशीचा हा एवढा व्रण! माझ्या लक्षातच आलं नाही. सिनेमा थेटरात लागल्यावर पुढच्या स्वस्त पिटातून आवाज आला, "आरं, चंद्रावर बी देवी टोचत्यात की!"

शेजारी माझे सासरे बसले होते. इंटरव्हलला मी बाहेर गेलो तो आत आलोच नाही.

*

चंद्राची जमीन म्हणून आम्ही गावाबाहेरची दगडाची खाण धरली होती. शॉट ओके झाला, तेव्हा कळलं की मागून एक म्हैस गेलीय. अण्णा म्हणाले, "रीटेकला फिल्म न्हाय. आता पुढच्या शॉटला बी म्हैस पायजे. जा, आण!"

शोधत शोधत मालकिणीचं घर गाठलं. हात जोडून सगळं सांगितलं. म्हातारीनं मला खालून वर न्याहाळलं.

"चंद्रावर न्या, न्हाय म्हणत न्हाय. पर धारंच्या येळंला म्हस दारात पायजे!"

दावं धरून चपला फटफट वाजवत मी निघालो. अख्खी गल्ली बघत होती.

*

चंद्राचा सेनापती होता ज्ञानू पैलवान. भरघोस मिशा, गडगडाटी हसणं. अर्धा सीन झाला आणि तो बारा दिवस आलाच नाही. आला तो मिशी काढून! मी सगळ्यांदेखत ओरडलो, "मिशी कुठाय? अक्कल हाय का न्हाय? सीन अर्धा राहिलाय!"

त्यानं डोक्याचा फेटा काढला. डोकंही तुळतुळीत होतं.

"आई गेली, साहेब."

ज्ञानू स्वतःच मेकअपच्या खुर्चीत जाऊन बसला. नकली मिशी चिकटवून झाली, तसा आरशातूनच त्यानं मला विचारलं, "मागच्या शॉटला मी हसत हुतो, न्हवं?"

"हो."

"दात दिसत हुतं?"

"...दिसत होते."

"बरं," म्हणाला, आणि उठला.