भंडारदऱ्याच्या खाचरात सारेगम

ज्यांच्या मुलांचा संगीताचा तास गणिताच्या जादा तासाने गिळला, त्या सगळ्या आईबापांनो, ही सहल मी तुमच्यासाठी लिहितेय. माझी धाकटी बहीण नंदा नगरच्या एका शाळेत तोच तास घ्यायची. तास बंद झाला, पेटी कपाटात गेली आणि नंदाचं गुणगुणणंही थांबलं. एका शनिवारी तिला जवळजवळ ओढतच मी भंडारदऱ्याला निघाले.

संगमनेर, अकोले, राजूर. पेट्रोल अकोल्यातच भरा. राजूरच्या पुढे वळणंच वळणं, आणि धुकं उतरलं की समोरची एसटी आधी ऐकू येते, मग दिसते. धरणाजवळच्या शेंडी गावात, पाहुण्यांना पैसे घेऊन ठेवणाऱ्या हौसाबाईंच्या घरी उतरलो. रोख पैसे जवळ ठेवा आणि त्यांच्या हातची नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी सोडू नका.

सकाळी त्यांच्या खाचरात आवणी सुरू होती, म्हणजे भाताची रोपं लावणं. ढग इतके खाली, की बायका ढगातच वाकल्यासारख्या दिसत होत्या. पण रांग मोडत होती, एकमेकींवर डाफरणं चाललं होतं. रोज गाणं सांगून सगळ्यांना तालात ठेवणाऱ्या हौसाबाईंचाच गळा बसला होता. आणि उपटलेली रोपं आज लागली नाहीत तर वाळणार.

मी बांधावरून सुरू केलं, "बायांनो, माणूस बोलायच्या आधी गात असावा..."

"ताई, भाषनावर पाय सरकत न्हाई," हौसाबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "गाता येतं का कुनाला?"

मी नंदाकडे पाहिलं.

"मला शाळेतलंच येतं," ती पुटपुटली.

"मग त्येच म्हन की गं बाय!"

नंदा चिखलात उतरली. बायकांचे हात बघत राहिली. रोप घे, रोव, मागे सर. मग हलकेच... सारेग. रेगम. गमप.

"ह्ये कसलं गानं? शब्दच न्हाईत," एक बाई हसली.

"नसंनात! रांग बघ की भवाने, सरळ झाली," हौसाबाईंनी तिला दटावलं.

हळूहळू सगळ्या पाठी एकदम वाकू लागल्या. धुक्यातून नुसता सूर येत होता, कुणाचा कोणता ते कळेना. शब्द नव्हते तेव्हा माणसं अशीच एकमेकांच्या लयीत आली असतील. ओझं उचलताना, रडतं मूल निजवताना. मला वाटतं, माणूस तिथेच माणूस झाला. आणि आपण गाण्यालाच वेळापत्रकातून हाकलतो?

दिवस मावळायच्या आत खाचर हिरवं झालं.

नगरला परतल्यावर चहा ठेवताना नंदा गुणगुणली. सारेग, रेगम. पेटी मात्र अजून कपाटातच आहे. उद्या मुलाच्या शाळेत जा, मुख्याध्यापकांसमोर बसा, आणि संगीताचा तास वेळापत्रकात लिहून होईपर्यंत उठू नका.