कर्ण्यावर घेतलेलं नाव

मैत्रिणींनो, आपली फिरती वही आजच माझ्याकडे आली आणि लिहावं असं आजच घडलं!

लग्नाला वर्ष झालं म्हणून आम्ही दोघं सकाळच्या एसटीने अकोटहून अकोल्याच्या आनंदमेळ्यात गेलो. निघताना सासूबाई म्हणाल्या, "लग्नाचा का वाढदिवस रायते वं?" पण जाऊ दिलं.

आकाशपाळण्यात मी एकटीच बसले. यांना चक्कर येते, म्हणून हे खाली थांबले. मी उतरले, तर हे कुठेच दिसेनात. मला रडूच यायला लागलं.

हरवलेल्यांची नावं कर्ण्यावर पुकारणारे एक काका होते. त्यांनी विचारलं, "मालकाचं नाव काय, बाई?"

उखाण्याबाहेर मी ते कधी घेतलंच नव्हतं. म्हटलं, कागदावर लिहून देते.

"माहा चष्मा घरी राह्यला. तूच बोल," म्हणत त्यांनी माईक माझ्यापुढे केला.

मी डोळे मिटले आणि ओरडले, "वसंत! मी इथं आहे!"

अख्खा मेळा वळून बघायला लागला. हे धावत आले, हातात सरबताचे दोन गिलास, अर्धे सांडलेले. वाटलं, आता चिडतील. तर हळूच म्हणतात, "अजून एकदा पुकार ना. मले नीट आयकू नाही आलं."

परतीच्या एसटीत मी दोनदा पुकारलं. घरी पाय ठेवताच मात्र पुन्हा "अहो".

तुमच्यापैकी कोणी घरात, सगळ्यांसमोर, नवऱ्याला नावाने हाक मारेल का? पहिली कोण ते वहीत लिहा. दुसरी मी.