गॅलरीचा भार

"परत बघा." सर एवढंच म्हणायचे आणि कागद टेबलावरून आमच्याकडे सरकवायचे. मानही वर करायचे नाहीत.

नारायण पेठेतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या ऑफिसात आम्ही चौघं-पाचजण इमारतींच्या बीम-खांबांची गणितं करायचो, आणि आमचे सर टेबल ते खिडकी अशा येरझाऱ्या घालत आमच्या चुका काढायचे. एखादं ड्रॉइंग जरा सजलेलं दिसलं की विचारायचे, "आपण इंजिनिअर आहात, की रांगोळीच्या स्पर्धेला उतरलाय?" असा एखादा साहेब तुम्हीही पाहिला असेल. त्याच्यापुढे खोकायचीही चोरी.

कर्वेनगरच्या एका शाळेचं सभागृह आमच्याकडे आलं. त्यात वर मुलांसाठी गॅलरी होती. सरांच्या आकड्यांवरून मी ड्रॉइंग काढायला घेतलं आणि थबकले. गॅलरीच्या बीममध्ये स्टील कमी वाटत होतं. मी जाऊन म्हणाले, "सर, इथे लोड कमी धरलाय का?"

"गणित शिकवायची हौस असेल तर संध्याकाळी क्लास काढा."

सगळे हसले. मीही हसले आणि जागेवर येऊन बसले.

घरी गेल्यावर मात्र राहवेना. सगळं गणित मी स्वतः मांडलं. सरांनी वर्गात शांत बसलेल्या मुलांचा भार धरला होता. गॅलरीत मुलं नाचणार, उड्या मारणार, कठड्याशी दाटी करणार. आकडा चुकलाच होता. तो कागद आठवडाभर माझ्या पर्समध्ये होता. मग मी तो फाडून टाकला. गॅलरी बांधून झाली.

दोन वर्षांनी दुसऱ्या एका शाळेच्या कामासाठी सरांनी ती जुनी फाइल काढली. त्या दिवशी त्यांचा चहा दोनदा गार झाला. दुपारी त्यांनी ऑफिसातल्या आपल्या भागीदारांना बोलावून घेतलं. केबिनचं दार उघडंच होतं.

"गॅलरी इतके दिवस उभी आहे ना?" भागीदार म्हणाले. "किरकोळ दुरुस्तीचं पत्र पाठवू. कारण काहीही लिहिता येईल."

"काय लिहू? ओल आलीय?" सर बाहेर आले आणि मला म्हणाले, "ड्रॉइंग घ्या. आत्ता शाळा भरलेली आहे."

मुख्याध्यापिकांच्या खोलीत ते बसलेही नाहीत. "गॅलरी आजपासून बंद करा. लोड मी चुकीचा धरला. चूक माझी आहे."

"स्नेहसंमेलन पंधरा दिवसांवर आलंय," बाई कशाबशा म्हणाल्या. शाळेचे एक विश्वस्त तिथेच होते. त्यांनी ड्रॉइंगच्या कोपऱ्यातलं माझं नाव वाचलं. "हे यांनी काढलंय ना?"

"काढलं यांनी. आकडे माझे. यांना यात आणू नका."

"विश्वासानं काम दिलं होतं तुम्हाला."

"हो," सर म्हणाले.

फाटकाबाहेर रिक्षा शोधताना माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, मला तेव्हाच शंका आली होती. मी विचारलं होतं."

ते थांबले. "मी काय म्हणालो होतो?"

क्लासचं ते वाक्य मी जसंच्या तसं सांगितलं. रिक्षा येऊन उभी राहिली तरी त्यांना कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. हात खिशात घालत होते, काढत होते. "यांनी मला विचारलं होतं आणि मी चेष्टा केली. आकडा कुणाचाही चुकतो. विचारणाऱ्याला गप्प बसवलं, ते मला जास्त लागलंय. यापुढे मला अडवत जा."

त्यानंतर भागीदार वेगळे झाले. दोन बिल्डर यायचे बंद झाले. पण ऑफिसात माणसं बोलायला लागली. पहिल्यांदा कुणी सरांचा आकडा खोडून काढला तेव्हा त्यांचे कान लाल झाले. तरी त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "बसा. दाखवा."

गॅलरीखाली लोखंडी खांब आले. पुढच्या स्नेहसंमेलनाला वर मुलं धिंगाणा घालत होती, आणि सर बरोबर त्यांच्या खाली खुर्ची टाकून शेवटपर्यंत बसले होते.

मी मात्र 'हिंमत करून विचारणारी' ठरले. नव्या माणसांना सर माझी तशीच ओळख करून देत, आणि दर वेळी मला तिथून उठून जावंसं वाटे. शंका कसली, घरी गणित मांडल्यावर मला खात्रीच झाली होती. फाडलेल्या कागदाबद्दल मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. ते मात्र दोन्ही चुका स्वतःच्या म्हणून वागवत राहिले.

गेल्या वर्षी सर गेले. शोकसभा त्याच सभागृहात झाली. निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका बाई मला शोधत आल्या. "तुम्ही तेव्हाच शंका काढली होतीत. सर नेहमी सांगायचे."

ऑफिसातली मंडळी मागेच उभी होती. आता त्यांच्या ड्रॉइंगवर सही मी करते. नेहमीसारखी मान हलवून पुढे जाता आलं असतं.

"शंका नव्हती, बाई," मी म्हणाले. "मला माहीत होतं."

बाईंनी हातातली फुलं खुर्चीवर ठेवली आणि त्या माझ्याकडे पूर्ण वळल्या.