दोन शहरांत सुरक्षित

फोन वाजला की काका खुर्चीतून उठून उभे राहायचे. हेडफोन नीट बसवायचे आणि म्हणायचे, "मी इथंच आहे, बोला." पलीकडच्याला ते उभे आहेत की बसलेत हे काय दिसणार? पण चाकणच्या एका कारखान्यात तपासनीस म्हणून त्यांचं आयुष्य उभ्यानं गेलं होतं. कारखाना बंद पडला आणि मूळचे परभणीकडचे हे काका आमच्याकडे आले.

आमच्याकडे म्हणजे पिंपळे सौदागरला, एका मिठाईच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. लोकांच्या वेबसाइटना इंटरनेटवर भाड्यानं जागा द्यायची, हा आमचा धंदा. अशा कंपन्यांची पानं तुम्हीही वाचली असतील. जगभर केंद्रं, तज्ज्ञांची फौज, चोवीस तास मदत. आमचं ते पान मी लिहिलं होतं. फौज म्हणजे एकटे काका. पानावर नावांसह पाच हसरे चेहरे होते, तेही विकतचे फोटो. त्यातल्या एकीला कुणी नाव घेऊन विचारलं की काका म्हणायचे, "ताई जेवायला गेल्यात, तोवर मी बघतो." ती ताई वर्षभर जेवतच होती.

सर्व्हरसुद्धा आमचा नव्हता, एका परदेशी कंपनीकडून भाड्यानं घेतलेला. 'तुमची माहिती दोन शहरांत सुरक्षित' हे वाक्यही माझंच. दुसरं शहर कुठलं, असं मी मालकांना विचारलं होतं. "लिही रे, दिवाळीपर्यंत करून टाकू," ते म्हणाले. दिवाळ्या येऊन गेल्या. काकांनी मात्र ते पान पाठ केलं होतं आणि प्रत्येक नव्या ग्राहकाला ते मनापासून ऐकवायचे. लिहिलंय म्हणजे असणारच, अशी त्यांची समजूत. मी ती कधी मोडली नाही. माझी लाज म्हणा, आळस म्हणा.

चाकणजवळच्या निघोज्याचे नाना हे त्यांचे लाडके ग्राहक. जुन्या गावातले, जमिनी कारखान्यांत गेलेल्या. शिफ्ट सुटताना कंपन्यांच्या गेटवर उभं राहून नानांनी रक्तदात्यांची यादी वह्यांत केली होती. नाव, रक्तगट, फोन आणि शिफ्ट. शिफ्ट महत्त्वाची, कारण मशीनवरच्या माणसाचा फोन लॉकरमध्ये असतो. आत्ता घरी कोण आहे हे कळलं तरच उपयोग. ही यादी काकांनीच वेबसाइटवर चढवून दिली. "आता वह्यांचा पसारा कशाला ठेवता नाना? आमच्याकडं दोन शहरांत राहतंय सगळं," असंही सांगितलं. नानांनी वह्या रद्दीत घातल्या.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी सर्व्हर बंद पडला तो पडलाच. डिस्क गेली. काका शांत होते. मला म्हणाले, "दुसऱ्या शहरातनं आणा की मग." मी मालकांकडे पाहिलं, मालकांनी मोबाइलकडे. शेवटी मीच सांगितलं, "काका, दुसरं शहर नाहीये. दुसरी प्रत त्याच मशीनवर होती."

ते खाली बसले. फोन वाजत होता आणि काका पहिल्यांदाच बसून होते.

मग त्यांनी परदेशी कंपनीला तक्रारीवर तक्रार पाठवली. दर वेळी तेच उत्तर: आपली गैरसोय आम्ही समजतो, आमचे तज्ज्ञ काम करत आहेत. आम्हीही ग्राहकांना हेच पाठवायचो. ते वाचून काका म्हणाले, "तिकडंबी माझ्यासारखाच एकटा बसला असंल कुणीतरी."

दुसऱ्या दिवशी दुपारी नानांचा फोन आला. "यादी उघडंना. प्रेस मशीनमधी एका कामगाराचा हात सापडलाय. बी निगेटिव्ह पायजे."

"मी इथंच आहे," काका सवयीनं बोलून गेले.

"तुमी हाय वो. यादी कुठं हाय?"

"नाना, यादी गेली."

"आन् दुसऱ्या शहरातली?"

"ती नव्हतीच."

नाना हळू आवाजात म्हणाले, "मी तर वह्या रद्दीत घातल्या की."

काकांनी स्कूटर काढली, मी मागे बसलो. हॉस्पिटलात आम्ही दोघांनी रक्तगट तपासून घेतले. दोघांचेही ओ पॉझिटिव्ह. रक्तपेढीत बी निगेटिव्हची एकच पिशवी होती. नाना तिथंच होते. आम्ही तिघं ओळखीच्या सगळ्यांना फोन लावत राहिलो. कुणाला स्वतःचाच गट ठाऊक नव्हता, कुणाचा फोन लॉकरमध्ये वाजत होता. दोन दाते मिळाले तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि तो कामगार गेला होता. जखमच मोठी होती, असं डॉक्टर म्हणाले. नाना आम्हाला एका शब्दानं बोलले नाहीत. कुणीतरी माझ्या कानाखाली मारायला हवी होती, असं मला अजून वाटतं.

त्या दिवसापासून काका ऑफिसला आले नाहीत. त्यांचा फोनही बंद. त्यांच्या खुर्चीवर हेडफोन पडलेला असायचा. फोन वाजला की मी उचलायचो, पण 'मी इथंच आहे' हे शब्द तोंडातून फुटत नसत. पानावरचं ते वाक्य मालक काढू देईनात. महिन्याभरात मीही नोकरी सोडली.

पुढे पावसाळ्यात चाकणला गेलो होतो. एका कंपनीची पहिली शिफ्ट सुटली होती आणि गेटबाहेर काका वही घेऊन उभे होते. माणसं बस पकडायच्या घाईत. "भाऊ, एक मिनिट. रक्तगट कुठला?" बहुतेक जण हात झटकून पुढे जात. मी पाहत होतो तेवढ्या वेळात तिघं थांबले.

मला पाहून ते हसले नाहीत. "तुमचा गट ठाऊक हाय मला," म्हणाले. "शिफ्ट सांगा."

मी नव्या नोकरीची सांगितली. ते जोर देऊन लिहीत होते, कारण पानाखाली कार्बन पेपर होता.

"एक पिंपळे गुरवला माझ्या घरी राहतंय," ते म्हणाले, "खालचं नानाकडं, निघोज्याला."

मग वरचं पान उचलून, माझं नाव खाली नीट उमटलंय का, हे त्यांनी दोनदा पाहिलं.